रिमोट आणि हायब्रीड नोकरी: कुठल्या शहरात काय मिळतं आणि ते कसं शोधायचं

गेल्या दिवाळीत माझ्या लातूरच्या आतेभावानं नोकरीच्या साइटवर 'रिमोट' निवडलं, ठिकाणाच्या चौकटीत 'लातूर' टाकलं आणि मोबाइल माझ्यापुढे धरला. चार जाहिराती. दोन विमा एजंटच्या, एक डेटा एंट्रीची, एक ऑनलाइन शिकवणीची. "बघ दादा, आमच्याकडं काही नाहीच." मी त्याच मोबाइलवर लातूर खोडून बंगळुरू टाकलं. यादी संपेचना. त्यातली बरीच कामं लातूरच्या घरात बसून करता आली असती.

नव्यानं शोधणाऱ्यांचा घोळ इथंच होतो. रिमोट जाहिरातीवर जे शहर लिहिलेलं असतं ते कंपनीचं असतं, तुमचं नव्हे. हायब्रीडचं, म्हणजे काही दिवस ऑफिसात आणि काही दिवस घरून अशा नोकरीचं, उलट. तिथं लिहिलेलं शहर अगदी खरं असतं आणि तुमचं गाव त्या शहरापासून किती लांब, कुठल्या रस्त्यावर, यावर सगळं ठरतं. पहिली-दुसरी नोकरी शोधणाऱ्या, लहान शहरातून निघालेल्या मुलामुलींसाठी हे लिहितो आहे. दहा वर्षं अनुभव असलेल्यांनी फक्त दिवसांच्या हिशेबाचा भाग वाचला तरी चालेल.

१. जाहिरातीतला शब्द सोलून बघा

'रिमोट' म्हणजे तीन-चार वेगळ्या गोष्टी. कायमचं घरून काम, ही एक. 'सध्या रिमोट', म्हणजे कंपनी हाक मारेल तेव्हा बॅग भरायची, ही दुसरी. तिसरी अशी की काम घरून, पण पहिले एक-दोन महिने प्रशिक्षणाला ऑफिसात. आणि चौथी, घर त्याच शहरात हवं, कारण महिन्या-दोन महिन्यांनी क्लायंट येतो तेव्हा हजर राहावं लागतं.

हायब्रीडचंही तसंच. आठवड्यातून तीन दिवस, महिन्यातून दहा दिवस, 'मॅनेजर सांगेल तसं', सगळ्याला एकच नाव. यातलं शेवटचं सर्वांत फसवं. मॅनेजर बदलला की धोरण बदलतं.

जाहिरातीत 'बेस लोकेशन' दिसलं की थांबा. कागदोपत्री तुमची नेमणूक त्या शहरात असते. उद्या सगळ्यांना ऑफिसात बोलावलं, तर तुम्हाला तिथंच जावं लागणार.

२. जाहिरात किती जुन्या काळची समजूत सांगते ते ओळखा

मार्च २०२० च्या टाळेबंदीनंतर आपल्याकडे अशी हवा झाली की आता ऑफिसं संपलीच. त्याच वर्षी टीसीएसनं जाहीर केलं की २०२५ पर्यंत एका वेळी जेमतेम २५ टक्के माणसं ऑफिसात असतील. प्रत्यक्षात २०२३ च्या ऑक्टोबरपासून टीसीएसनं पाचही दिवस ऑफिसात या असं सांगितलं. विप्रोनं त्याच वर्षी नोव्हेंबरात आठवड्याला तीन दिवस सक्तीचे केले. इन्फोसिसनं महिन्याला दहा दिवसांचा मार्ग धरला. ॲमेझॉननं २०२५ च्या जानेवारीपासून पाच दिवस. म्हणून २०२१ मध्ये घरून नोकरी मिळालेल्या मामेबहिणीचा सल्ला प्रेमानं ऐका, पण त्यावर घर सोडण्याचा किंवा न सोडण्याचा निर्णय घेऊ नका.

सरकारी नियमांचाही यात हात आहे. हिंजवडी, ऐरोली, नागपूरचं मिहान इथली बरीच ऑफिसं सेझमध्ये, म्हणजे विशेष आर्थिक क्षेत्रात आहेत. सवलतींच्या बदल्यात काम त्या हद्दीतच व्हावं अशी मूळ कल्पना. २०२२ च्या जुलैत केंद्रानं नियमात बदल करून निम्म्या कर्मचाऱ्यांना घरून काम करायची मुभा दिली आणि डिसेंबरात ती मर्यादा आणखी सैल केली. कॉल सेंटर आणि बीपीओवाल्यांना नोव्हेंबर २०२० मध्ये दूरसंचार विभागानं मोकळीक दिली, त्याआधी घरून फोन घेणं हा परवानग्यांचा डोंगर होता. म्हणजे एकाच गल्लीतल्या दोन इमारतींत वेगवेगळे नियम असू शकतात आणि त्याचं कारण मालकाचा स्वभाव नसून जागेचा कागद असतो.

३. शहर म्हणजे तिथला धंदा

अमेरिकेतल्या डिंगेल आणि नीमन या दोन अर्थशास्त्रज्ञांनी २०२० मध्ये एक हिशेब मांडला. तिथल्या ३७ टक्के नोकऱ्या पूर्णपणे घरून होऊ शकतात. पण सॅन फ्रान्सिस्को, सॅन होजे, वॉशिंग्टन इथं हा आकडा ४५ टक्क्यांच्या वर आणि लास वेगासमध्ये ३० टक्के किंवा त्याहून कमी. हॉटेलातली खोली घरून झाडता येत नाही, एवढं साधं कारण. हाच चष्मा आपल्या शहरांना लावा.

पुणे एक शहर नाही, दोन आहेत. हिंजवडी, खराडी, मगरपट्टा, बाणेर-बालेवाडी हे एक. सॉफ्टवेअर, परदेशी कंपन्यांची स्वतःची केंद्रं, डिझाइन, टेस्टिंग. इथं हायब्रीड भरपूर. चाकण, तळेगाव, रांजणगाव हे दुसरं. तिथं गाड्या आणि त्यांचे सुटे भाग बनतात, लाइन चालू असते, आणि क्वालिटीच्या माणसाला हातात गेज घेऊन उभं राहावं लागतं. मेकॅनिकल झालेल्या मुलांनी म्हणूनच 'पुण्यात हायब्रीड खूप' हे वाक्य जपून ऐकावं. त्यांच्यासाठी हायब्रीड आहे ते कॅड, सिम्युलेशन, एम्बेडेड, परचेस ॲनालिटिक्स अशा कामांत.

मुंबईत पैसा सांभाळणारे जास्त. रिझर्व्ह बँक, सेबी, दोन्ही शेअर बाजार इथेच. बँकेच्या डीलिंग रूममध्ये फोन रेकॉर्ड होतात, ते काम घरच्या सोफ्यावर येत नाही. बँकांसाठी काम करणाऱ्या आयटी कंपन्यांतसुद्धा 'ओडीसी' नावाची बंद खोली असते, मोबाइल बाहेर लॉकरमध्ये ठेवायचा. जाहिरातीत ओडीसी हा शब्द आला तर हायब्रीडची आशा अर्धी करा. मात्र विमा कंपन्यांची मागची कामं, मार्केटिंग, कंटेंट, जाहिरात एजन्सी, वित्तीय तंत्रज्ञानाच्या नव्या कंपन्या यांत मुंबई उदार आहे. लोकलमध्ये रोज तीन तास घालवणाऱ्या माणसाला दोन दिवस घरी ठेवलं की तो टिकतो, हे इथल्या एचआरला लवकर कळलं असावं.

बंगळुरूत नव्या कंपन्या भरपूर, म्हणून पूर्ण रिमोटही तिथल्याच नावावर जास्त सापडतं. तिथला आउटर रिंग रोड हा वेगळाच विषय. सप्टेंबर २०२२ मध्ये पावसानं तो तुंबला तेव्हा कंपन्यांनी एका रात्रीत सगळ्यांना घरी बसवलं. हैदराबादेत हायटेक सिटी, गच्चीबावलीच्या पट्ट्यात मोठ्या परदेशी कंपन्यांची केंद्रं आहेत. तिथं पूर्ण रिमोटपेक्षा हायब्रीडचीच भाषा अधिक ऐकू येते. दिल्ली-गुरुग्राम-नोएडात हिवाळ्यात हवा बिघडली की प्रदूषणाच्या टप्प्यांनुसार निम्मी माणसं घरून काम करू लागतात. त्या काळात घेतलेल्या मुलाखतीत दिसणारी ढिलाई बारमाही समजू नका.

नागपूरची गोष्ट निराळी. पुणं तिथून सातशे किलोमीटर, म्हणजे पुण्यातलं हायब्रीड नागपूरकराच्या उपयोगाचं नाही. पण मिहानमध्ये टीसीएस, एचसीएल, इन्फोसिस यांची ऑफिसं आहेत. नागपूरकरांनी 'रिमोट' मागण्यापेक्षा 'बेस लोकेशन नागपूर मिळेल का' हा प्रश्न आधी विचारावा.

नाशिक, कोल्हापूर, सांगली, छत्रपती संभाजीनगर इथं कारखानदारी मोठी: सातपूर-अंबड, कोल्हापूरच्या फाउंड्री, वाळूज-शेंद्रा. स्थानिक जाहिरातींत रिमोट जवळपास नसतंच. गोव्यात उलटा प्रकार, बाहेरच्या कंपन्यांसाठी लॅपटॉप उघडून बसलेले खूप, पण त्या कंपन्या गोव्यातल्या नसतात.

४. शोधताना ठिकाणाची चौकट अशी भरा

नोकरी डॉट कॉमवर आणि लिंक्डइनवर कामाची पद्धत निवडायची सोय आहे. दोन वेगळे शोध लावा आणि ते कधीही एकत्र करू नका.

पहिला शोध पूर्ण रिमोटचा. यात ठिकाण 'भारत' ठेवा किंवा बंगळुरू, गुरुग्राम, मुंबई, पुणे एकेक टाकून बघा. आपल्या गावाचं नाव टाकू नका.

दुसरा शोध हायब्रीडचा. यात फक्त तीच शहरं, जिथं तुम्ही महिन्यातून दहा-बारा दिवस खरोखर पोचू शकता. शहराच्या नावाबरोबर भागाचं नावही टाका: 'खराडी', 'ऐरोली', 'मगरपट्टा'. याचं कारण पुढच्या भागात.

प्रोफाइलवर 'सध्याचं ठिकाण' खरं लिहा आणि 'पसंतीचं ठिकाण' यात दोन-तीन शहरं द्या. सध्याचं ठिकाण पुणे असं खोटं लिहून मुलाखतीला बोलावणं येतं खरं, पण "उद्या अकराला समोरासमोर या" असं आलं की पंचाईत.

५. दिवस मोजा, मग रस्ता मोजा

हायब्रीड परवडेल की नाही हे पगारापेक्षा या एका प्रश्नावर ठरतं: हजेरी आठवड्याला मोजतात की महिन्याला?

समजा तुम्ही साताऱ्यात राहता आणि ऑफिस हिंजवडीत. एका बाजूचे अडीच तास धरा. आठवड्याला तीन दिवस असतील आणि तुम्ही रोज ये-जा केली, तर महिन्याचे १२ दिवस, दिवसाला ५ तास, म्हणजे ६० तास प्रवासात. आता महिन्याला दहा दिवस असतील आणि ते सलग करायची मुभा असेल, तर पाच-पाच दिवसांच्या दोन खेपा. जाण्या-येण्याचे १० तास, बाकी राहण्याचा खर्च. दोन्ही जाहिरातींत शब्द एकच, हायब्रीड. महिन्यावर मोजणारीत तुम्ही साताऱ्यात राहता, आठवड्यावर मोजणारीत तुम्ही खरं तर एसटीत राहता.

म्हणून विचारा: दहा दिवस महिन्याच्या सुरुवातीला सलग केले तर चालतात का? सुट्टी घेतली तर ती ऑफिसच्या दिवसांतून वजा होते का? हजेरी कार्ड टेकवण्यावर मोजतात की आत किती तास बसलात त्यावर? या तिसऱ्या प्रश्नाला एचआर क्षणभर घुटमळली, तर तासांवर मोजतात असं समजा.

आता रस्ता. पुण्यात कुठल्या बाजूनं शिरता याला फार महत्त्व आहे आणि बाहेरून येणाऱ्याला हे कोणी सांगत नाही. सातारा-सांगली-कोल्हापूरहून येणाऱ्या बऱ्याच गाड्या बायपासनं चांदणी चौक, वाकडकडे जातात. त्यांना हिंजवडी, बाणेर, बालेवाडी सोपं. संभाजीनगर, नगरकडून येणारा वाघोली-खराडीतून शिरतो, त्यानं खराडी, विमाननगर धरावं. सोलापूर, लातूर, धाराशिवहून येणारा हडपसरला उतरतो, त्याच्यासाठी मगरपट्टा आणि फुरसुंगीचा पट्टा. नाशिककर भोसरी-नाशिक फाट्यावर येतो. कोल्हापूरकरानं खराडीची नोकरी धरली तर सकाळी साडेआठला अख्खं पुणं ओलांडावं लागतं. २३० किलोमीटरची रात्र बरी, पण ते शेवटचे २०-२५ किलोमीटर नकोत असं म्हणणारी माणसं मला माहीत आहेत.

मुंबईचं गणित रेल्वेवर. नाशिकरोडहून पंचवटी एक्सप्रेसनं जाणारे पासधारक कल्याण, ठाणे, दादरला उतरतात. त्यांना ठाण्याहून ऐरोलीची गाडी मिळते, म्हणून ऐरोली-घणसोलीची ऑफिसं नाशिककराला लोअर परळपेक्षा जवळची. पुण्याहून डेक्कन क्वीन सकाळी सव्वासातला सुटते, तिनं आठवड्यातून दोनदा जाणं जमतं, पाचदा जाणारेही आहेत आणि त्यांना माझा नमस्कार. पुणेकराला खरं सोयीचं नवी मुंबई, एक्सप्रेस वेनं वाशी-बेलापूरपर्यंत.

शिफ्टही विसरू नका. इंग्लंडच्या क्लायंटचं काम साधारण दुपारी सुरू होऊन रात्री संपतं, अमेरिकेचं रात्री उशिरापर्यंत चालतं. कंपनीची कॅब शहराच्या ठरावीक हद्दीपर्यंतच सोडते. रात्री अकराला हिंजवडीतून तळेगावला कॅब मिळेल का, हे आधी विचारा. मुलींनी तर नक्कीच.

राहण्यासाठी महिन्याचं कॉट बेसिस, म्हणजे खोलीतली एक कॉट भाड्यानं, घ्यायचं की दिवसाप्रमाणे खोली, याचा हिशेब दहा दिवसांवर करा. दहाच दिवस राहणार असाल तर काही ठिकाणी कॉट दोघांनी वाटून घेता येते, एकाचे पहिले पंधरा दिवस, दुसऱ्याचे पुढचे. कॉटमालकिणीला मात्र आधी सांगा, नाहीतर मेसच्या पैशांवरून वाद ठरलेला.

६. मुलाखतीत काय विचारायचं

पहिल्याच फेरीत 'घरून काम आहे का' विचारू नका. नव्या मुलाच्या तोंडी ते आळसासारखं ऐकू येतं, हे बरोबर नसलं तरी तसं आहे. एचआरची फेरी आली की सरळ विचारा:

"मॅडम, माझं बेस लोकेशन कुठलं असेल आणि ते ऑफर लेटरमध्ये येईल का?"

"माझ्या टीममधली बाकीची माणसं कुठल्या शहरात बसतात?"

दुसरा प्रश्न सोन्यासारखा आहे. टीम चेन्नईत आणि तुम्ही एकटे पुण्यात असाल, तर तीन दिवस ऑफिसात जाऊन तुम्ही हेडफोन लावून चेन्नईशीच बोलणार. आणि उद्या टीम एकत्र बसवायचं ठरलं तर बदली कोणाची, हे सांगायला नको.

तोंडी आश्वासन मेलवर मागून घ्या. फोन झाल्यावर स्वतःच एक ओळ पाठवा: आज बोलल्याप्रमाणे महिन्याला दहा दिवस ऑफिस, बेस लोकेशन पुणे, बरोबर ना? उत्तर आलं की जपून ठेवा. माझ्या पहिल्या नोकरीत मला तोंडी दोन दिवस सांगितले होते, रुजू झाल्यावर चार निघाले. माझ्याकडे दाखवायला काहीच नव्हतं.

पगाराच्या कागदावर दोन बारीक गोष्टी. व्यवसाय कर कुठल्या राज्याचा कापतात ते बघा (महाराष्ट्रात तो वर्षाला २५०० रुपयांच्या वर नाही). आणि काही कंपन्या लहान शहरातून काम करणाऱ्याला पगारच कमी देतात, त्याला 'लोकेशन बेस्ड पे' म्हणतात. ते ऑफरच्या आधी कळलं पाहिजे.

७. घरची तयारी

लॅपटॉप कंपनी देते. बाकीचं तुमच्यावर. तालुक्याच्या गावात फायबर एका कंपनीचं घ्या आणि मोबाइलचं सिम दुसऱ्या कंपनीचं, म्हणजे एक बंद पडलं तरी दुसरं चालू राहील. राउटरसाठी छोटा यूपीएस मिळतो, इन्व्हर्टर नसलेल्या घरात तोच पहिला खर्च. महावितरणचा देखभालीचा वार तुमच्या भागात कुठला ते वायरमनला विचारा (पुण्यात गुरुवार) आणि त्या वारी ऑफिसचा दिवस ठेवा.

खोलीचं दार बंद होणं हे इंटरनेटइतकंच गरजेचं. मागं कुकरच्या शिट्ट्या चालू असताना क्लायंटला समजावणं अवघड.

८. घरून कामाच्या नावावरची लूट

नोकरीसाठी कोणी पैसे मागितले की तिथेच थांबा. नोंदणी फी, लॅपटॉपची अनामत, प्रशिक्षणाचं शुल्क, नाव काहीही असो. टेलिग्रामवर व्हिडिओ लाइक करायचे पैसे आधी खरंच देतात, शे-दोनशे, मग 'मोठं टास्क' म्हणून हजारो भरायला लावतात. डेटा एंट्रीचा जुना प्रकार असा: फॉर्म भरायला देतात, मग चुका जास्त झाल्या म्हणून वकिलाची नोटीस पाठवून दंड मागतात. घाबरून भरू नका. पैसे गेले असतील तर लगेच १९३० वर फोन करा, पहिल्या काही तासांत रक्कम गोठवता येण्याची शक्यता असते. कंपनीची नोंदणी आहे की नाही हे कॉर्पोरेट व्यवहार मंत्रालयाच्या साइटवर नाव टाकून दिसतं. पहिल्या पगारानंतर पीएफच्या पासबुकात नोंद आली का तेही बघा.

९. पहिली नोकरी असेल तर

हे माझं मत, पटलं तर घ्या. पहिलं वर्ष-दीड वर्ष पूर्ण रिमोट शोधू नका. एक तर अनुभव नसलेल्याला ते फार कमी मिळतं, कारण शिकवायला कोणाला वेळ नसतो. दुसरं, शेजारच्या खुर्चीतला माणूस स्क्रीनकडे बघून "अरे, हे असं नाही" म्हणतो, ते घरी कोणी म्हणत नाही. आपल्या रस्त्यावरच्या शहरात महिन्याच्या हजेरीचं हायब्रीड धरा, दोन वर्षांनी रिमोट मागा, तेव्हा तुमचं काम तुमच्यासाठी बोलतं.

आतेभावाला मार्चमध्ये नोकरी लागली, टेस्टिंगची, हडपसरजवळ. महिन्याला दहा दिवस, सलग चालतात, मेलवर लिहून घेतलंय. लातूरहून रात्रीची गाडी पकडतो आणि पहाटे गाडीतळावर उतरून चहा घेतो. कॉट वाशीमच्या एका मुलाबरोबर वाटून घेतली आहे. आत्या मात्र अजून शेजाऱ्यांना नीट सांगू शकत नाही, की मुलगा पुण्याला असतो की घरी.